ओपन सोर्स फायरवॉलच्या बिघडलेल्या चाचणी आवृत्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएफसेन्स, ओपीएनसेन्स, ओपनडब्ल्यूआरटी, आयपीफायर आणि व्हायओएस या फायरवॉल प्रकल्पांच्या, म्हणजे नको ती नेटवर्क रहदारी अडवणाऱ्या प्रणालींच्या, चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर निदान प्रश्न ५ आणि ६ अवश्य वाचावेत.

१. प्रकाशनपूर्व बिल्ड म्हणजे नेमके काय? स्नॅपशॉट, बीटा आणि आरसी यांत काय फरक आहे?

बिल्ड म्हणजे कोडपासून बांधलेली, बसवता येणारी प्रणाली; अंतिम आवृत्ती जाहीर होण्याआधीची ती प्रकाशनपूर्व. स्नॅपशॉट किंवा नाइटली ही त्या क्षणी मुख्य शाखेत, म्हणजे चालू विकासाच्या साठ्यात, जो कोड आहे तो जसाच्या तसा यंत्राने बांधून ठेवलेली बिल्ड असते. ती चालते की नाही हे कोणी माणसाने पाहिलेले असेलच असे नाही. बीटा म्हणजे ठरवलेली बहुतेक नवी वैशिष्ट्ये आत आली आहेत आणि आता दोष शोधायचे आहेत, अशी अवस्था. आरसी, म्हणजेच रिलीज कँडिडेट, ही गंभीर दोष न सापडल्यास अंतिम आवृत्ती म्हणून जाहीर होऊ शकेल अशी बिल्ड असते.

ही नावे सर्वत्र सारखी नाहीत. व्हायओएसची मोफत मिळणारी रोलिंग आवृत्ती सतत नव्याने बांधली जाते. आयपीफायरमध्ये प्रत्येक कोअर अपडेट आधी चाचणी शाखेत ठेवले जाते. ओपीएनसेन्सची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये येते, आणि तिच्या आधीच्या काळात बीटा व आरसी पाहायला मिळतात. म्हणून नावावर जाण्यापेक्षा त्या प्रकल्पाने त्या नावाखाली कशाची हमी दिली आहे, हे वाचणे अधिक उपयोगाचे ठरते.

२. चाचणी आवृत्त्या इतक्या वेळा का बिघडतात? आधी तपासूनच का देत नाहीत?

तपासणी होते, परंतु यंत्राने होऊ शकणारी तपासणी मर्यादित असते. कोड बांधला जातो का, सिस्टीम सुरू होते का, ठरावीक चाचण्या उत्तीर्ण होतात का, एवढे स्वयंचलित व्यवस्था सांगू शकते. एखाद्या विशिष्ट नेटवर्क कार्डावर, विशिष्ट सेवापुरवठादाराच्या पीपीपीओई (नाव-पासवर्डने होणाऱ्या) जोडणीवर आणि तीन व्हीएलएएन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले आभासी भाग) असलेल्या मांडणीत काय होईल, हे मात्र तशी मांडणी असलेल्या माणसाकडूनच कळते.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. फायरवॉल प्रकल्प स्वतः सर्व कोड लिहीत नाही. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर उभे आहेत, तर ओपनडब्ल्यूआरटी, आयपीफायर आणि व्हायओएस लिनक्सवर. खालच्या थरात कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) बदलले, एखादा ड्रायव्हर नव्याने लिहिला गेला किंवा ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची मुख्य आवृत्ती पुढे गेली, की वरच्या थरातील ज्या कोडला कोणी हातही लावलेला नाही तोही अडखळतो. ओपनडब्ल्यूआरटीने २२.०३ या आवृत्तीत आयपीटेबल्स या लिनक्समधील पॅकेट गाळण्याच्या साधनावर आधारलेली जुनी फायरवॉल व्यवस्था बाजूला ठेवून एनएफटेबल्सवर आधारलेली नवी स्वीकारली. अशा बदलात नेहमीची मांडणी आपोआप नव्या रूपात येते, परंतु वापरकर्त्याने हाताने लिहिलेले आयपीटेबल्सचे जास्तीचे नियम तसे येत नाहीत. असे तडे चाचणीच्या काळात दिसले तर ते त्या काळाचे फलित आहे, अपयश नव्हे.

३. बिल्ड बिघडली आहे की माझ्याच मांडणीत चूक आहे, हे कसे ओळखावे?

प्रथम तीच कॉन्फिगरेशन शेवटच्या स्थिर आवृत्तीवर चालते का ते पाहावे. तेथे चालत असेल आणि चाचणी आवृत्तीवर चालत नसेल, तर संशय बिल्डवर घेण्यास आधार आहे. त्यानंतर चाचणी आवृत्ती कोऱ्या, मूळ मांडणीवर बसवून दोष दिसतो का ते पाहावे. कोऱ्या मांडणीवरही दोष दिसला तर प्रश्न बहुधा बिल्डचा किंवा हार्डवेअरचा असतो. केवळ आपल्या मांडणीवर दिसला तर जुन्या कॉन्फिगरेशनचे नव्या रचनेत रूपांतर होताना काहीतरी निसटलेले असू शकते, आणि तोही नोंदवण्याजोगाच दोष आहे.

तिसरी शक्यता अर्धवट अपडेटची. फ्रीबीएसडीवर आधारलेल्या प्रणालीत कर्नल, मूळ प्रणाली आणि पॅकेजे हे तीन वेगळे भाग आहेत, आणि त्यांतील एखादा मागे राहिला तर जे घडते ते बिल्डच्या दोषासारखेच दिसते. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी तिन्हींचे आवृत्ती क्रमांक एकदा जुळवून पाहावेत.

४. अपडेट करताना चेकसम किंवा स्वाक्षरी जुळत नाही असा संदेश येतो. दुर्लक्ष करून पुढे जाऊ का?

नाही. चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे तपासणारी संख्या) न जुळण्याचे सर्वांत सामान्य कारण साधे असते: नवी बिल्ड मिररवर (फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर) पोहोचत असतानाच आपण ती मागितली, त्यामुळे सूची नव्या बिल्डची आणि फाइल जुन्या बिल्डची मिळाली. काही तास थांबून किंवा दुसरा मिरर निवडून पुन्हा प्रयत्न केल्यास हे सहसा सुटते.

स्वाक्षरी न जुळणे याहून गंभीर आहे. नव्या शाखेसाठी प्रकल्पाने वेगळी स्वाक्षरी-किल्ली वापरली आणि ती आपल्या प्रणालीत अद्याप नाही, असे असू शकते. पण तसे असेल तर प्रकल्पाच्या अधिकृत सूचनेत त्याचा उल्लेख असतो. उल्लेख नसेल तर स्वाक्षरीची तपासणी बंद करून अपडेट पुढे रेटू नये. फायरवॉलवर कोणाचा कोड चालतो आहे याची ती एकमेव खातरजमा आहे, आणि चाचणी आवृत्ती आहे म्हणून तिचे महत्त्व कमी होत नाही.

५. बिल्ड बिघडली तर फायरवॉल सगळे बंद करते की सगळे उघडे सोडते?

दोन्ही घडू शकते, आणि या पृष्ठावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे. इतर सॉफ्टवेअर बिघडले की काम थांबते आणि ते लगेच लक्षात येते. फायरवॉलचे काम मात्र अडवण्याचे आहे. ते थांबले तर वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, उलट सर्व काही सुरळीत चालल्यासारखे वाटते. म्हणून जी बिल्ड सुरूच होत नाही तिच्यापेक्षा जी बिल्ड सुरू होते, वेब इंटरफेस दाखवते आणि नियम मात्र लागू करत नाही, ती कितीतरी अधिक धोकादायक असते.

हे कसे घडते ते समजून घेणे आवश्यक आहे. फ्रीबीएसडीवरील पीएफ आणि लिनक्सवरील एनएफटेबल्स या पॅकेट गाळणाऱ्या दोन्ही व्यवस्थांमध्ये नियमांची फाइल एकसंध भरली जाते: फाइलमध्ये एक जरी ओळ चुकीची असली तरी संपूर्ण फाइल नाकारली जाते आणि आधीपासून लागू असलेले नियम तसेच राहतात. चालू प्रणालीवर ही फार चांगली सोय आहे. परंतु अपडेटनंतर प्रणाली पुन्हा सुरू होते तेव्हा आधीचे नियम अस्तित्वातच नसतात. त्या क्षणी नवी फाइल नाकारली गेली, तर मागे उरतो तो रिकामा नियमसंच. पीएफमध्ये कोणताही नियम लागू पडला नाही तर मूळ वर्तन पॅकेट जाऊ देण्याचे आहे. एनएफटेबल्समध्ये एकही साखळी (नियमांची यादी) नसेल तर अडवणारे कोणी नसते. ही शक्यता ओळखून काही प्रकल्प सुरुवातीलाच एक छोटा, सर्व अडवणारा नियमसंच भरतात आणि खरा संच यशस्वीपणे लागू झाल्यावरच तो बदलतात. आपल्या प्रकल्पात तशी व्यवस्था आहे का, हे शोधून ठेवावे.

चाचणी आवृत्तीत फाइल नाकारली जाण्याची कारणे नेहमीपेक्षा जास्त असतात. वेब इंटरफेसमधून नियम तयार करणारा कोड एका दिवसाचा आणि ते वाचणारे साधन दुसऱ्या दिवसाचे असू शकते. नियम भरणारे साधन आणि कर्नल यांच्यामध्ये देवाणघेवाण होणाऱ्या माहितीची रचना बदललेली असते आणि दोन्ही भाग एकाच बिल्डमधून आलेले नसतात. नव्या ड्रायव्हरमुळे नेटवर्क इंटरफेसचे नाव बदलते आणि जुन्या नावावर लिहिलेला नियम कशालाच लागू पडत नाही. हा शेवटचा प्रकार विशेष फसवा आहे, कारण फाइल स्वीकारली जाते आणि चूक दाखवणारा संदेशही येत नाही.

यात आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांचे वर्तन सारखे नसते. आयपीव्ही४ वर आतील यंत्रांचे पत्ते खासगी असतात, त्यामुळे नियमांबरोबर नॅटही (खासगी पत्त्यांचे सार्वजनिक पत्त्यात रूपांतर) गेले तर इंटरनेट बंद पडते आणि गडबड लगेच उघड होते. आयपीव्ही६ वर आतील प्रत्येक यंत्राला सहसा जगभर पोहोचण्याजोगा पत्ता असतो. तेथे नियम गेले आणि मार्गनिर्देशन चालू राहिले, तर आतून बाहेर सर्व काही चालते आणि बाहेरून आतही सर्व काही चालते. याशिवाय पीएफसेन्स व ओपीएनसेन्सचा वेब इंटरफेस मूळ मांडणीत सर्व नेटवर्क इंटरफेसवर ऐकत असतो आणि बाहेरच्या बाजूने तो केवळ नियमांमुळेच बंद असतो, हेही लक्षात ठेवावे.

६. मग अडवायचे ते अडवले जाते आहे, याची खात्री कशी करावी?

चाचणी आवृत्ती बसवल्यावर बहुतेक जण संकेतस्थळ उघडते का, डीएनएस चालते का, व्हीपीएन जोडले जाते का, एवढे पाहतात. या सर्व गोष्टी काय जाते हे सांगतात. काय जात नाही हे त्यांतून कळत नाही. त्यामुळे उलटी तपासणी मुद्दाम करावी लागते.

अपडेटपूर्वी लागू असलेल्या नियमांची यादी फाइलमध्ये जतन करावी. पीएफसाठी पीएफसीटीएल आणि एनएफटेबल्ससाठी एनएफटी हे साधन ती थेट कर्नलमधून काढून देते. वेब इंटरफेसमध्ये दिसणारी यादी यासाठी चालत नाही, कारण ती कॉन्फिगरेशनमधून आलेली असते आणि कर्नलमध्ये खरोखर काय भरले आहे याबद्दल ती काहीच सांगत नाही. अपडेटनंतर तीच यादी पुन्हा काढून दोन्हींची तुलना करावी. काही ओळींचा क्रम किंवा शब्दयोजना बदललेली असू शकते, परंतु नियमांची संख्या अचानक निम्म्यावर आली असेल तर तेथेच थांबावे.

त्यानंतर बाहेरून तपासावे. मोबाइल डेटावर चालणाऱ्या यंत्रावरून किंवा आपल्या मालकीच्या दूरच्या सर्व्हरवरून एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने आपल्या बाहेरील पत्त्यावरील पोर्ट पाहावेत, आणि हीच तपासणी आयपीव्ही६ साठी आतील एखाद्या यंत्राच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे करावी. पाहुण्यांचे वायफाय, कॅमेरे किंवा इतर उपकरणे वेगळ्या व्हीएलएएनमध्ये ठेवली असतील, तर तेथून मुख्य नेटवर्ककडे जोडणी करून पाहावी. ती नाकारली गेली पाहिजे आणि नाकारल्याची नोंद लॉगमध्ये दिसली पाहिजे. लॉग पूर्ण रिकामा असणे हे चांगले लक्षण नाही. सार्वजनिक पत्त्यावर बाहेरून सतत काही ना काही धडकत असते, त्यामुळे नाकारलेल्या पॅकेटांची नोंद एकाएकी थांबली तर तिचे कारण शोधावे.

७. व्हर्च्युअल मशीनवर चाचणी घेतली तर पुरेसे आहे का?

सुरुवातीसाठी उत्तम, परंतु पुरेसे नाही. कॉन्फिगरेशनचे रूपांतर, वेब इंटरफेस, पॅकेजांची अवलंबित्वे, नियमांची निर्मिती, हे सर्व व्हर्च्युअल मशीनवर व्यवस्थित तपासता येते, आणि बिघाड झाल्यास आधीच्या स्थितीत परतणे तेथे काही क्षणांचे काम असते. प्रत्यक्ष नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मात्र तेथे वापरलाच जात नाही. फ्रीबीएसडीवर इनलाइन पद्धतीने, म्हणजे पॅकेट वाटेतच अडवून, चालणारी घुसखोरी-प्रतिबंध व्यवस्था सहसा नेटमॅपवर (पॅकेटे नेटवर्क ड्रायव्हरकडून थेट घेणाऱ्या सोयीवर) अवलंबून असते आणि नेटमॅपचे वर्तन ड्रायव्हरनुसार बदलते, म्हणून ते खऱ्या यंत्रावरच कळते.

उलट दिशेनेही फसगत होते. व्हर्टआयओ या आभासी नेटवर्क कार्डावर हार्डवेअर चेकसमची सोय चालू राहिल्यास पॅकेटे हरवल्यासारखी दिसतात आणि नवी बिल्ड बिघडल्याचा समज होतो. फ्रीबीएसडीवर आधारलेल्या फायरवॉलमध्ये ही सोय बंद करून मगच निष्कर्ष काढावा.

८. माझ्याकडे एकच राउटर आहे. त्यावर चाचणी आवृत्ती चालवावी का?

तो बंद पडल्यावर दुरुस्तीसाठी लागणारी फाइल आपण कोणत्या मार्गाने उतरवून घेणार, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे तयार असेल तरच चालवावी. स्थिर आवृत्तीची इन्स्टॉलेशन प्रतिमा यूएसबीवर आधीच लिहिलेली असणे, कॉन्फिगरेशनची प्रत राउटरबाहेर असणे आणि कन्सोलला (यंत्राला थेट जोडून आज्ञा देण्याच्या मार्गाला) प्रत्यक्ष पोहोचता येणे या किमान अटी आहेत. सिरीयल कन्सोल असलेल्या उपकरणांवर योग्य केबल आणि वेग आधीच तपासून ठेवावा. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये हा वेग मूळ मांडणीत ११५२०० बॉड असतो.

दूरच्या ठिकाणी असलेल्या आणि ज्यापर्यंत कोणी जाऊ शकत नाही अशा फायरवॉलवर चाचणी आवृत्ती बसवू नये. व्हायओएसमध्ये ठरावीक मिनिटांत पुष्टी न मिळाल्यास बदल आपोआप मागे घेण्याची सोय आहे, पण ती कॉन्फिगरेशनमधील बदलांसाठी आहे. सुरूच न झालेल्या कर्नलला ती वाचवू शकत नाही.

९. बिघडलेल्या बिल्डवरून मागे कसे फिरावे?

मार्ग प्रकल्पानुसार वेगळा आहे आणि तो अपडेटपूर्वीच ठरवावा लागतो. झेडएफएस या फाइल प्रणालीवर बसवलेल्या पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्समध्ये बूट एन्व्हायर्नमेंट हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे: अपडेटपूर्वी संपूर्ण प्रणालीची एक स्थिती जतन केली जाते, आणि बिघाड झाल्यास सुरुवातीच्या मेनूतून ती निवडली की कर्नल व प्रणाली दोन्ही एकत्र मागे येतात. व्हायओएसमध्ये प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र प्रतिमा म्हणून शेजारी शेजारी राहते, त्यामुळे जुनी प्रतिमा निवडणे एवढेच करावे लागते. ओपीएनसेन्समध्ये एकच पॅकेज आधीच्या आवृत्तीवर नेण्याचे वेगळे साधनही आहे, आणि दोष एका सेवेपुरता असेल तर तेच वापरणे श्रेयस्कर. ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरणांत फेलसेफ मोड (किमान मांडणीवर सुरू होण्याची सोय) आणि अनेक उपकरणांत बूटलोडरमार्फत टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, प्रतिमा चढवण्याची सोय असते. आपल्या नेमक्या मॉडेलची पद्धत आधी वाचून ठेवावी.

बूट एन्व्हायर्नमेंट वापरणाऱ्यांसाठी एक अपवाद महत्त्वाचा आहे. नव्या प्रणालीवर गेल्यावर झेडएफएस पूलची (डिस्कवरील साठ्याची) वैशिष्ट्ये अद्ययावत करण्याची सूचना दिसते. ती लगेच मान्य केली तर जुने कर्नल किंवा जुना लोडर तो पूल वाचू शकेल याची खात्री राहत नाही आणि परतीचा मार्ग आपल्याच हाताने बंद होतो. अंतिम आवृत्ती येऊन स्थिरावेपर्यंत ती सूचना बाजूला ठेवावी.

१०. जुन्या आवृत्तीवर परतलो, पण ती नवी कॉन्फिगरेशन फाइल घेत नाही. का?

कारण कॉन्फिगरेशनचे रूपांतर केवळ पुढच्या दिशेने लिहिलेले असते. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्समध्ये संपूर्ण मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये असते, आणि नवी आवृत्ती प्रथम सुरू होते तेव्हा त्या फाइलची रचना नव्या पद्धतीत बदलली जाते. ती उलट जुन्या पद्धतीत नेणारा कोड नसतो. म्हणून परतताना अपडेटपूर्वी घेतलेलीच प्रत वापरावी. मधल्या काळात केलेले बदल हाताने पुन्हा करावे लागतात, आणि ते सोपे जावे म्हणून चाचणीच्या काळात केलेल्या बदलांची स्वतंत्र टिपणे ठेवावीत. बूट एन्व्हायर्नमेंटने मागे गेल्यावरही मधले बदल असेच पुन्हा करावे लागू शकतात, कारण प्रणालीबरोबर मांडणीही त्या दिवसाची होते.

नवी फाइल हाताने काटछाट करून जुन्या आवृत्तीत घालण्याचा मोह टाळावा. ती स्वीकारली गेली तरी नियमांतील एखादे क्षेत्र ओळखले न जाता गळून गेलेले असू शकते, आणि मग प्रश्न ५ मधील परिस्थिती स्थिर आवृत्तीवरच उद्भवते.

११. ओपनडब्ल्यूआरटीचा स्नॅपशॉट बसवला. वेब इंटरफेस दिसत नाही आणि काल मिळणारे कर्नल मॉड्यूल आज मिळत नाही. बिल्ड बिघडली आहे का?

बहुधा नाही. स्नॅपशॉट प्रतिमेत लूसी हा वेब इंटरफेस साधारणपणे दिलेला नसतो. एसएसएचने (दूरवरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने) आत जाऊन तो स्वतः बसवावा लागतो. कर्नल मॉड्यूलांची गोष्ट अशी की प्रत्येक मॉड्यूल नेमक्या त्याच कर्नल बिल्डसाठी बांधलेले असते आणि स्नॅपशॉटचा साठा सतत नव्याने भरला जातो. आपले कर्नल कालचे आणि साठ्यातील मॉड्यूल आजचे, अशी स्थिती झाली की पॅकेज व्यवस्थापक ते बसवण्यास नकार देतो, आणि तो नकार योग्यच आहे. जबरदस्तीने बसवण्याचा पर्याय वापरू नये. नवा स्नॅपशॉट घेऊन लागणारी सर्व मॉड्यूले त्याच वेळी बसवावीत, किंवा प्रकल्पाच्या इमेज बिल्डर या साधनाने ती आत घालूनच प्रतिमा तयार करावी.

जुन्या सूचना वाचून काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: नोव्हेंबर २०२४ पासून ओपनडब्ल्यूआरटीच्या विकास शाखेत ओपीकेजी ऐवजी एपीके हा पॅकेज व्यवस्थापक आला आहे, त्यामुळे जुन्या आज्ञा तेथे चालत नाहीत.

१२. चाचणी आवृत्तीत वेग बराच कमी मिळतो. हा दोष नोंदवावा का?

आधी कर्नल कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे. फ्रीबीएसडीच्या करंट या विकास शाखेतील मूळ कर्नलमध्ये कुलूपांचा क्रम तपासणारी आणि अंतर्गत गृहीतके पडताळणारी व्यवस्था चालू असते. ती दोष लवकर पकडते, पण वेग लक्षणीय घटवते. अशा कर्नलवरील वेगाची तुलना स्थिर आवृत्तीशी करण्यात अर्थ नाही. आरसीमध्ये ही व्यवस्था बंद असते, आणि तेथेही वेग कमी असेल तर तो अवश्य नोंदवावा.

१३. दोन फायरवॉलची, एक बंद पडली की दुसरी काम हाती घेते अशी, जोडी आहे. एकीवर चाचणी आवृत्ती आणि दुसरीवर स्थिर आवृत्ती असे चालेल का?

अपडेटच्या मधल्या थोड्या वेळापुरते चालते. कायमस्वरूपी मांडणी म्हणून तसे ठेवू नये. प्रचलित क्रम असा आहे की दुय्यम फायरवॉल आधी अद्ययावत करावी, तिच्यावर भार वळवून पाहावे आणि मगच मुख्य फायरवॉलला हात लावावा. दोन्हींवरील कॉन्फिगरेशनची रचना वेगळी असताना एकीवरून दुसरीवर मांडणी पाठवणे बंद ठेवावे, नाहीतर प्रश्न १० मधील अडचण दोन्ही यंत्रांवर येते.

चालू जोडण्यांची माहिती एकमेकींना देणाऱ्या पीएफसिंकचा संदेश-आराखडा फ्रीबीएसडी १४ मध्ये बदलला आणि जुन्या यंत्रांशी बोलता यावे म्हणून जुना आराखडा निवडण्याची सोय ठेवली गेली. तो जुळत नसेल तर भार वळताना चालू जोडण्या तुटतात. नियम लागू असतात आणि नव्या जोडण्या होतात, त्यामुळे हा बिघाड शांत वेळी केलेल्या चाचणीत दिसत नाही. मोठी फाइल उतरवत असताना भार वळवून पाहिले तरच तो कळतो.

१४. चाचणी आवृत्तीत सुरक्षा दुरुस्त्या आधी मिळतात का?

कधी मिळतात, कधी उशिरा मिळतात, आणि नेमक्या याच अनिश्चिततेमुळे सुरक्षेसाठी म्हणून चाचणी आवृत्ती निवडू नये. नव्या शाखेत दुरुस्ती सर्वांत आधी जाते हे खरे असले, तरी ती घातलेली बिल्ड यशस्वीपणे बांधली जाऊन आपल्यापर्यंत पोहोचणे ही वेगळी गोष्ट आहे. बिल्ड आठवडाभर तुटलेली राहिली तर तितके दिवस दुरुस्तीही थांबते, आणि चाचणी शाखेसाठी वेगळी सूचना काढण्याचे बंधन प्रकल्पावर नसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले मागचे दार उघडकीस आले. डेबियन आणि फेडोरा यांच्या चाचणी शाखांपर्यंत ते पोहोचले होते, आणि एसएसएचला लागणारा अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ आंद्रेस फ्रॉइंड यांच्या नजरेत भरल्यामुळे ते स्थिर शाखांत जाण्याआधी सापडले. चाचणी शाखा वापरणाऱ्याला असे धोके आधी भेटतात, आणि तो लक्ष देऊन पाहत असेल तर इतर सर्वांचे रक्षणही त्याच्याकडूनच होते. अशा माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

१५. दोष नोंदवताना काय लिहावे?

कोणत्या बिल्डवर दोष दिसतो आणि कोणत्या बिल्डपर्यंत दिसत नव्हता, ही दोन नावे सर्वांत मौल्यवान आहेत. केवळ ताजी आवृत्ती असे लिहू नये. स्नॅपशॉटची ताजी आवृत्ती उद्या वेगळी असते. तारीख आणि कमिटचा (कोडमधील एका नोंदवलेल्या बदलाचा) ओळखक्रमांक द्यावा. नेटवर्क कार्डाचा नेमका प्रकार, जोडणीचा प्रकार आणि दोष पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या द्याव्यात. कर्नल कोसळत असेल तर क्रॅश डंप (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) जोडावा, आणि त्यासाठी डिस्कवर स्वॅपची जागा आधीच राखलेली असावी लागते. ती नसेल तर कोसळण्याच्या क्षणी सिरीयल कन्सोलवर आलेला मजकूर जतन करावा.

कॉन्फिगरेशन फाइल जशीच्या तशी जोडू नये. तिच्यात पासवर्डचे हॅश, व्हीपीएनच्या सामायिक किल्ल्या आणि प्रमाणपत्रांच्या खासगी किल्ल्या असतात. लॉगमधील सार्वजनिक पत्ते बदलावेत, पण एक पत्ता सर्वत्र एकाच पर्यायी पत्त्याने बदलावा, म्हणजे वाचणाऱ्याला पॅकेटचा मार्ग समजतो. नियम लागूच होत नाहीत अशा स्वरूपाचा दोष स्थिर आवृत्तीतही दिसत असेल, तर तो उघडपणे न मांडता प्रकल्पाच्या सुरक्षा पथकाला खासगीत कळवावा.

१६. दोष नेमक्या कोणत्या बदलामुळे आला, हे प्रोग्रामर नसताना मला शोधता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. जुन्या बिल्ड साठ्यात उपलब्ध असतील तर शेवटची चांगली आणि पहिली बिघडलेली बिल्ड यांच्या मधली बिल्ड बसवून पाहावी. ती चांगली निघाली तर पुढच्या अर्ध्यात, बिघडलेली निघाली तर मागच्या अर्ध्यात शोधावे. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील बायसेक्ट ही आज्ञा हेच काम कमिटच्या पातळीवर करते. दर वेळी क्षेत्र निम्मे होत असल्यामुळे हजार कमिटमधून दोषी कमिट शोधायला साधारण दहा चाचण्या पुरतात. दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही अशा प्रकारचा असेल तर मात्र ही पद्धत चुकीच्या कमिटकडे नेते. अशा वेळी प्रत्येक टप्प्यावर चाचणी अनेकदा करावी.

१७. आरसीमध्ये असलेले वैशिष्ट्य अंतिम आवृत्तीतून काढले गेले. असे का करतात?

अपुरे तयार असलेले काही देण्यापेक्षा ते न देणे सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये अधिक जबाबदारीचे असते. याचे ठळक उदाहरण वायरगार्ड या व्हीपीएन तंत्राचे आहे. फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी दिसल्याने मार्च २०२१ मध्ये ती काढण्यात आली, आणि एप्रिलमध्ये आलेली १३.० ही आवृत्ती तिच्याविना प्रकाशित झाली. त्याआधी फेब्रुवारीत आलेल्या पीएफसेन्स २.५.० मध्ये ती समाविष्ट होती, २.५.१ मधून ती काढली गेली. नव्याने घडवलेले वायरगार्ड फ्रीबीएसडीच्या मूळ प्रणालीत २०२३ मध्ये १३.२ बरोबर आले.

म्हणून चाचणी आवृत्तीत प्रथमच दिसलेल्या वैशिष्ट्यावर आपली एकमेव दूरस्थ जोडणी उभी करू नये. जुना मार्ग निदान एक अंतिम आवृत्ती येऊन जाईपर्यंत चालू ठेवावा.

१८. अंतिम आवृत्ती जाहीर झाली. चाचणी वाहिनीवरून बाहेर पडण्यासाठी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे वाहिनी बदलणे, कारण ती आपोआप बदलेलच असे नाही. आपण विकास शाखेवरच राहिलो तर अंतिम आवृत्तीच्या दिवशी मिळणारी बिल्ड ही पुढच्या आवृत्तीच्या कामाची सुरुवात असते, म्हणजे सर्वांत अस्थिर काळातील. आरसीवरून अंतिम आवृत्तीकडे जाणे सहसा साध्या अपडेटने होते. दूरच्या स्नॅपशॉटवरून येताना मात्र आपल्या पॅकेजांचे क्रमांक अंतिम आवृत्तीपेक्षा पुढचे असू शकतात, आणि पॅकेज व्यवस्थापक त्यांना अद्ययावत समजून तसेच सोडतो. अशा वेळी स्वच्छ इन्स्टॉलेशन करून अपडेटपूर्वीची कॉन्फिगरेशन परत घालणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. बाहेर पडल्यावर प्रश्न ६ मधील तपासणी पुन्हा करावी, आणि तिच्यात आयपीव्ही६ वगळू नये.